आकाशासारखा उदास

त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात शाहीस्नानाचा दिवस उजाडायच्या आतच आखाड्यांच्या मिरवणुका कुशावर्ताकडे निघतात. ढोल, तुताऱ्या, भाले, निशाणं, झेंडूच्या माळांत बुडालेले महंत आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना दाटीवाटीनं उभे राहिलेले लोक. एकूण तेरा आखाड्यांपैकी वैष्णवांचे तीन नाशिकला रामकुंडात उतरतात, उरलेले दहा त्र्यंबकला. त्या दहांतल्या दोघांच्या फलकापाशी मराठी वाचणारा माणूस अडखळतो. एकावर ‘श्री पंचायती बडा उदासीन आखाडा’ असं लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘श्री पंचायती नया उदासीन आखाडा’. एवढा थाट, एवढा गजर आणि नाव मात्र उदासीन!

हे साधू खिन्न नसतात, आणि स्नानाबद्दल बेफिकीर तर मुळीच नसतात. कुठला आखाडा कोणाच्या आधी पाण्यात उतरणार यावरून आखाड्यांत हाणामाऱ्या झाल्याचा इतिहास आहे. त्यांच्या नावातला शब्द आजच्या मराठीपेक्षा जुना आहे आणि त्यांनी तो जुन्या अर्थासकट ठेवून घेतला आहे. गुरू नानकांचे थोरले चिरंजीव श्रीचंद, जन्म १४९४चा, हे या पंथाचे मूळपुरुष मानले जातात. नानकांच्या दूरदूरच्या भ्रमणांना शीख परंपरेत ‘उदासी’ असंच म्हणतात. वडील उदासीवर गेले, पण शेवटी कर्तारपूरला येऊन शेती करत संसारात राहिले. मुलानं संसार मांडलाच नाही. पुढं गुरुपदही नानकांनी मुलाला न देता आपल्या शिष्याकडे, अंगद यांच्याकडे, सोपवलं. घर सोडलेल्यांचा पंथ आणि घरात राहून नाम घेणाऱ्यांचा पंथ अशा दोन वाटा तिथून फुटल्या. गंमत अशी की पुढच्या काळात अनेक गुरुद्वारांचा कारभार आणि जमिनी या उदासी महंतांच्याच ताब्यात आल्या. नावात अलिप्तता आणि हातात, आपल्या भाषेत सांगायचं तर, सातबारा. १९२०च्या दशकातली अकाली चळवळ याच महंतशाहीविरुद्ध होती आणि १९२५च्या गुरुद्वारा कायद्यानं तो वाद मिटवला.

शब्दाची फोड सोपी आहे. ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘आस्’, म्हणजे बसणं, हा धातू. उदासीन म्हणजे बाजूला बसलेला. त्यात दुःख नाही की रागही नाही. माणूस फक्त जरा हटून बसला आहे. तो का बसला, हे शब्द सांगत नाही. पुढच्या सगळ्या घडामोडी या न सांगितलेल्या कारणातून झाल्या.

हटून बसणारा दुबळाच असतो असं आपण धरून चालतो. कौटिल्य तसं धरत नाही. अर्थशास्त्रातल्या सहाव्या अधिकरणात बारा राजांचं मंडळ येतं. मधोमध विजिगीषू, म्हणजे जिंकू पाहणारा राजा. त्याच्या सीमेला लागून शत्रू, शत्रूच्या पलीकडे मित्र, त्यापलीकडे शत्रूचा मित्र, अशी ती साखळी लांबत जाते; पाठीमागंही तशीच दुसरी साखळी. मग येतो मध्यम, आणि सर्वांत शेवटी उदासीन. या उदासीनाची व्याख्या वाचताना आजचा वाचक दचकतो. तो या सगळ्यांच्या प्रदेशांबाहेर असतो, त्यांच्याहून बलवान असतो; शत्रू, विजिगीषू आणि मध्यम यांना तो एकत्र असोत वा वेगळे, मदत करू शकतो, आणि ते वेगवेगळे असतील तेव्हा त्यांना दाबूही शकतो. मंडळातला सगळ्यात ताकदवान राजा उदासीन आहे, कारण त्याला अजून कोणाच्या बाजूनं उतरण्याची गरज पडलेली नाही. शतकानुशतकं हरवलेला हा ग्रंथ म्हैसूरच्या ग्रंथालयात आलेल्या हस्तलिखितामुळं पुन्हा हाती लागला. श्यामशास्त्रींनी तो १९०९मध्ये छापला, आणि त्याची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत सिद्ध केली. मराठी वाचकाला उदासीन राजाची नीट ओळख करून घ्यायची असेल तर ती कंगल्यांच्या दारातून होते.

हीच राजकारणाची परिभाषा गीतेत शिरलेली दिसते. सहाव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकात ज्यांच्याकडे समबुद्धीनं पाहायचं त्यांची यादी आहे, आणि तिच्यात मित्र, अरी, उदासीन, मध्यस्थ एका रांगेत बसले आहेत. रणांगणावरच्या संवादात परराष्ट्रनीतीचे शब्द यावेत, यात नवल नाही. बाराव्या अध्यायात मात्र उदासीन हा कृष्णाच्या आवडत्या भक्ताचा गुण होतो, आणि त्याच्या लगेच शेजारी शब्द आहे ‘गतव्यथ’, ज्याची व्यथा गेली तो. आजच्या मराठीतून थेट वाचलं तर हे दोन शब्द एकमेकांना खोडतात. उदास माणसाची व्यथा गेली कशी? सांख्यांनी तर पुरुषालाच, म्हणजे शुद्ध चैतन्यालाच, उदासीन म्हटलं. प्रकृती सगळा खटाटोप करते, हा पाहतो.

गीतेला खिन्नता ठाऊक नव्हती असं नाही. पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग आहे. पण तिथं शब्द विषाद आहे. धनुष्य गळून पडलेला अर्जुन उदास नाही. उलट तो उदासीन झाला असता तर अठरा अध्यायांची गरजच उरली नसती. भरताच्या नाट्यशास्त्रातही हेच. तिथं तेहतीस व्यभिचारी भावांची यादी आहे: निर्वेद, ग्लानी, दैन्य, चिंता, विषाद असे उतरत्या चेहऱ्याचे भाव त्यात ओळीनं सापडतात. उदास सापडत नाही. नटानं रंगमंचावर दाखवायचा तो भावच नव्हता.

मराठीत हा शब्द ज्ञानेश्वरांच्या हाती आला तेव्हा त्यांनी त्याला एक उपमा दिली, आणि ती या साऱ्या गोष्टीचा कळस आहे. शके १२१२, म्हणजे १२९०. बाराव्या अध्यायातल्या त्या उदासीन भक्ताचं वर्णन करताना ते म्हणतात की त्याचं मन आकाशासारखं असतं, सगळीकडे पसरलेलं आणि उदास. आज ‘उदास आकाश’ म्हटलं की मराठी माणसाला मळभ दिसतं, आषाढातलं करडं, खाली वाकलेलं आभाळ. ज्ञानेश्वरांचं उदास आकाश निरभ्र आहे. त्याच्याखाली घरं आहेत, झाडं आहेत, युद्धं आहेत, आणि ते कशालाच चिकटलेलं नाही.

पुढच्याच ओवीत आणखी एक धक्का आहे. हा भक्त ‘नैराश्या’नं शोभतो, असं ज्ञानेश्वर सांगतात, आणि पारध्याच्या हातून सुटलेल्या पक्ष्याची उपमा देतात. नैराश्य हा आज दवाखान्यातला शब्द आहे. ज्ञानेश्वरांच्या लेखी आशा हा फास होता आणि निराश माणूस म्हणजे त्यातून उडालेला पक्षी.

हे एखाद्या योग्याचं लहरी बोलणं नव्हे, यामागं एक पक्की कथापरंपरा आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंची हकिकत सांगतो. त्यांत पृथ्वी, समुद्र, मधमाशी यांच्याबरोबर विदेहनगरीची पिंगला नावाची गणिका आहे. एका संध्याकाळी ती नटूनथटून दारात उभी राहते. हा येईल, तो येईल, जास्त पैसे देणारा अजून यायचाच असेल. आत जाते, बाहेर येते. मध्यरात्र उलटते, कोणी येत नाही. मग तिच्या मनात काहीतरी तुटतं, ती आशा सोडते आणि अंथरुणावर पडून सुखानं झोपी जाते. एकनाथांनी शके १४९५ला, म्हणजे १५७३मध्ये, काशीत पुरं केलेल्या आपल्या भागवतात ही कथा रंगवून सांगितली आहे. वाट पाहणाऱ्या बाईची ती आत-बाहेर करणारी तगमग ज्यानं कधी कोणाची वाट पाहिली आहे त्याला तत्त्वज्ञानाशिवायही कळते. आणि कथेचा शेवट सुखाचा आहे, हे आजच्या वाचकाला दोनदा वाचल्याशिवाय पटत नाही.

संतांमध्ये तुकारामांचा उदास सगळ्यांत व्यवहारी. त्यांचा एक गाजलेला अभंग गृहस्थाला सल्ला देतो की पैसा चोख मार्गानं जोडावा, पण वेचताना मन उदास असावं. सल्ला देणारा वाण्याच्या घरातला, त्यामुळं ‘पैसा वाईट’ असं तो म्हणत नाही. मिळवण्यात कसर नको आणि धरून ठेवण्यात जीव नको, एवढंच. मात्र हा उदासपणा त्यांना आयता मिळाला नव्हता. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, व्यापार बुडाला, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. हे सगळं त्यांनी स्वतःच्याच एका अभंगात सांगितलं आहे. मग ते भंडाऱ्याच्या डोंगराकडे वळले. देहूच्या लोकांनी त्या काळात त्यांना पाहून काय म्हटलं असेल? बाजूला बसलेला, की खचलेला? तुकारामांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच माणसात उभे आहेत, आणि कुठला कुठं संपला हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

रामदासांना असा संशय नाही. मनाच्या श्लोकांतल्या सत्तावन्नाव्या श्लोकात ते उदासीनता हेच सार असल्याचं सांगतात आणि तिचा परिणाम म्हणून वृत्ती मोकळी राहते असं म्हणतात. मोकळी, हा शब्द लक्षात घेण्यासारखा. ज्यानं मठ उभारले, माणसं जोडली, महंतांना गावोगाव पाठवलं, त्या माणसाची ही शिफारस आहे. दासबोधातला महंत उदास असतो आणि दिवसभर राबतोही. मनातली तळमळ सांगायची वेळ येते तेव्हा रामदास करुणाष्टकं लिहितात, आणि तिथं अनुतापाची भाषा येते. उदासीनता हे त्यांच्या दुःखाचं नाव नव्हतं, औषधाचं होतं.

मग हे औषध आजाराचं नाव कसं झालं?

याचं नेमकं गाव आणि साल कोणी दाखवू शकत नाही, कारण बोलण्यातले अर्थ असे सहीशिक्क्यानं बदलत नाहीत. पण एक प्रसंग वाट दाखवतो. तुलसीदासांनी रामचरितमानस लिहायला घेतलं ते १५७४मध्ये, एकनाथांचं भागवत पुरं झालं त्याच्या पुढच्या वर्षी. त्यात कैकेयी दुसरा वर मागते तेव्हा रामानं चौदा वर्षं वनात राहावं एवढ्यावर ती थांबत नाही. त्यानं तपस्व्याच्या वेषात आणि विशेषकरून ‘उदासी’ होऊन राहावं, असं ती सांगते. हिशेबी बाई आहे. तिला राम रडवेला व्हायला नको आहे, त्याचं राज्यावरचं मन उडायला हवं आहे. आणि राम वल्कलं नेसून निघतो तेव्हा उदासी तो असतो, रडते ती अयोध्या.

शब्द बहुधा इथंच उलटला असावा, म्हणजे अयोध्येत नव्हे, पण अशा हजारो उंबऱ्यांवर. जो घर सोडतो त्याच्या दृष्टीनं उदास म्हणजे सुटलेला. मागं राहिलेली आई, बायको, पोरं त्याच्याकडे पाहतात तेव्हा त्यांना दिसतो जेवणावरची वासना गेलेला, हाक मारली तर ‘ओ’ न देणारा, भिंतीकडे पाहत बसलेला माणूस. ग्रंथ लिहिणारे बहुतेक पहिल्या बाजूचे होते. भाषा बोलणारे बहुतेक दुसऱ्या बाजूचे. आणि संख्येत शेवटी बोलणारेच जिंकतात. आध्यात्मिक पदवी म्हणून निघालेला शब्द स्वयंपाकघरात पोचेपर्यंत काळजीचा झाला: ‘चार दिवस झाले, उदास उदास दिसतो गं.’

मोल्सवर्थच्या मराठी कोशात, पहिली आवृत्ती १८३१ आणि वाढवलेली दुसरी १८५७, खिन्न आणि बेपर्वा असे दोन्ही अर्थ एकाच नोंदीखाली नांदताना दिसतात. तिथंच तिसराही आहे, तो माणसाचा नसून जागेचा: ओकीबोकी, निर्मनुष्य, भयाण जागा. या तिसऱ्या अर्थाकडे सहसा कोणी बघत नाही, पण मराठी मनाला उदासी कळली ती जागांमधून आणि वेळांमधून. उदासवाणं घर, उदासवाणा माळ. देवळात दिवा नसला की देऊळ उदास. घरातली लेक सासरी गेली की ओसरी उदास. या जागांना दुःख होत नाही. त्यांच्यापासून माणसं हटून बसली आहेत एवढंच. म्हणजे मूळ धातू अजून जिवंत आहे, फक्त बसणारा आणि सोडलेला यांची अदलाबदल झाली आहे.

वेळेचंही तसंच. मराठीत संध्याकाळला कातरवेळ म्हणतात, आणि कातर म्हणजे भ्यालेला, गलबललेला. या वेळेवर घरोघर पहारा होता. तिन्हीसांजेला झोपायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, उंबऱ्यात बसायचं नाही, देवापुढं दिवा लागला की मुलांनी शुभंकरोती म्हणायचं. जाणती माणसं याची कारणं लक्ष्मीपर्यंत नेत असत, पण व्यवहार असा दिसतो की दिवस बुडतानाच्या त्या अर्ध्या तासात कोणी रिकामं बसू नये. हात रिकामे राहिले तर मन कुठं जाईल याचा भरवसा नव्हता. खिन्नतेसाठी मराठीत शब्द कमी नाहीत: मरगळ, हुरहुर, विषण्ण, म्लान, हिरमुसलेला, दुर्मुखलेला, सुतकी. प्रत्येकाला काही ना काही कारण चिकटलेलं आहे. हिरमुसतो तो अपेक्षाभंगानं. सुतकी चेहऱ्याला सुतक असतं, निदान असल्यासारखं वाटतं. उदास तेवढा बिनकारणाचा, आणि त्यामुळंच कवींना तो हवाहवासा झाला.

हा बिनकारणाचा भाव मराठी कवितेत आणला तो त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी. जन्म १८९०, धरणगाव, खानदेश. १९०७मध्ये जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, तिथं या सतरा वर्षांच्या मुलानं कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हणून गौरवलं. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंनी त्याला अहमदनगरला आपल्या घरात मुलासारखं ठेवलं. शाळेत शिकलेले बालकवी आनंदाचे आहेत. श्रावण, फुलराणी, सगळीकडे भरून राहिलेला आनंद. शाळेच्या पुस्तकांनी हेच बालकवी उचलले, आणि ते खोटे नाहीत.

पण त्याच कवीची एक कविता अशी आहे की तिचा आरंभच एका प्रश्नानं होतो: ही उदासीनता हृदयात येते कुठून? काहीतरी बोचतं आहे, काय ते समजत नाही. एवढाच ऐवज. कोणी मेलेलं नाही, कोणी सोडून गेलेलं नाही, देवही आड आलेला नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात विषादाला कारण लागतं: हाती घेतलेलं काम फसलं, दैवानं घात केला. बालकवी कारणाचा शोधच कवितेचा विषय करतात आणि रिकाम्या हातानं परततात. केशवसुतांच्या पिढीपासून इंग्रजी रोमँटिक कवितेचं वारं मराठीत वाहत होतं हे खरं. तरी ही उसनी खिन्नता वाटत नाही. ज्या शब्दाला रामदासांनी सार म्हटलं होतं, तोच शब्द, तेच रूप, ‘उदासीनता’, अडीचशे वर्षांनी काट्यासारखा रुतलेला दिसतो.

‘औदुंबर’ या त्यांच्या आठ ओळींच्या कवितेत तर हा शब्द येतच नाही. झरा, पलीकडे चार घरांचं गाव, शेतमळे, एक पायवाट आणि काळ्या डोहाच्या काठी पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. या झाडाचं काय करायचं यावर मराठी समीक्षेनं भरपूर शाई खर्च केली. कोणाला त्यात विरक्त दिसला, कोणाला मृत्यूची सावली दिसली. एक गोष्ट मात्र डोळ्यांपुढं आहे आणि तिचा फारसा उच्चार होत नाही: गावापासून, शेतांपासून, वाटेपासून हटून ते झाड बसलं आहे. संस्कृत धातूचा इतका तंतोतंत अर्थ मराठी कवितेत दुसरीकडे सापडणं कठीण. ते खिन्न आहे की मुक्त, हे बालकवींनी ठरवलं नाही, आणि कविता शंभर वर्षं टिकली त्यात या न ठरवण्याचा वाटा मोठा आहे. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रुळांवर आगगाडीखाली बालकवी गेले. वय सत्तावीस. तो अपघात होता की आणखी काही, यावर तेव्हापासून बोललं जातं. त्या कवितांवरून मृत्यूचा आणि मृत्यूवरून कवितांचा अर्थ लावण्याचा मोह आवरलेला बरा.

पुढच्यांना या उदासीचा रस्ता मोकळा झाला. जी. ए. कुलकर्णी यांच्या पहिल्या दोन कथासंग्रहांची नावं पाहावीत: ‘निळासावळा’ १९५९चा, ‘पारवा’ १९६०चा. पहिला शब्द औदुंबरातल्या झऱ्याचं विशेषण आहे, दुसरं नाव बालकवींच्याच एका कवितेचं. जी.एं.च्या कथांतला काळोख कुठल्या पाण्यावर वाढला याची खूण शोधणाऱ्यानं इथंही वाकून पाहायला हरकत नाही. आरती प्रभूंनी १९६२मध्ये संग्रहाला ‘दिवेलागण’ हे नाव दिलं, ग्रेसांनी १९६७मध्ये ‘संध्याकाळच्या कविता’. ज्या वेळेवर आजीनं पहारा बसवला होता नेमक्या त्याच वेळेत हे कवी जाऊन बसले. ग्रेसांवर दुर्बोधतेचा आरोप आयुष्यभर झाला, पण त्यांचीच एक कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आणि लताबाईंच्या आवाजात दूरदर्शनच्या ‘महाश्वेता’ मालिकेचं शीर्षकगीत झाली तेव्हा तिचा अर्थ विचारायला कोणी थांबलं नाही. कातरवेळ आता शुभंकरोतीशिवाय घरात येऊ लागली होती.

इकडे कवितेत उदासीला मान मिळत असताना तिच्या सख्ख्या भावंडाची वर्तमानपत्रात बदनामी चालू होती. ‘उदास’ कवींकडे गेला, ‘उदासीन’ बातमीदारांकडे. मतदारांची उदासीनता, प्रशासनाची उदासीनता, पीककर्जाबाबत बँका उदासीन. इथं खिन्नता नाही, पण ज्ञानेश्वरांचं आकाशही नाही. ज्यानं लक्ष घालायला हवं तो बाजूला बसला आहे, अशी ही तक्रार आहे. अर्थ खरं तर जुन्या अर्थाच्या अगदी जवळचा आहे. बदललं ते मोजमाप. मोक्षाच्या वाटेवर जी पात्रता होती ती कलेक्टर कचेरीत कर्तव्यच्युती ठरते, आणि ते योग्यच आहे, कारण पाण्याच्या टँकरची फाइल घेऊन बसलेल्या कारकुनाकडून कोणाला कैवल्य नको असतं. या वाटणीमुळं बालकवींची थोडी पंचाईत झाली. त्यांची ‘उदासीनता’ आज वाचणाऱ्याला क्षणभर वाटतं, हा कवी कशाबद्दल बेपर्वा होता?

नैराश्याची गोष्ट याहून सरळ आणि कडू. तो शब्द वैद्यकानं उचलला आणि मानसिक आजाराचं मराठी नाव म्हणून रुळवला. पिंगलेला ज्यानं झोप आली त्याच नावाच्या आजारात आता पहिली तक्रार अनेकदा झोप न लागण्याची असते. गावात, शहरात लोक मात्र ‘डिप्रेशन आलंय’ असंच म्हणतात, आणि एका अर्थी बरंच करतात: संतांच्या शब्दाला गोळ्यांच्या चिठ्ठीपासून थोडं लांब ठेवतात. निव्वळ अध्यात्माचा आधार घेऊन आजारी माणसाला ‘आशा सोड, सुखी होशील’ असं सांगणाऱ्यांचा उपद्रव आपल्याकडे कमी नाही.

कौटिल्याचा उदासीन मात्र पुरता संपलेला नाही. मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो दरवर्षी भेटतो. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, आणि या अभिक्रियेला ‘उदासिनीकरण’ म्हणतात. लिटमस कागद लाल होत नाही की निळाही होत नाही. द्रावण उदासीन आहे, कोणाच्याच बाजूचं नाही. परीक्षेत हा शब्द लिहिणाऱ्या मुलांपैकी कोणी त्याचा संबंध उतरलेल्या चेहऱ्याशी लावत नाही.

शाळेतून तो शेतात गेला. माती तपासायला दिली की अहवालात सामू, म्हणजे पीएच, किती ते येतं. कोकणातली जांभ्याची माती आम्लाकडे झुकलेली, तिला चुना लागतो. सांगली-कोल्हापूरकडे उसाला वर्षानुवर्षं वारेमाप पाणी पाजून जमिनी क्षारपड आणि चोपण झाल्या, चोपण जमिनीला जिप्सम घालावं लागतं. २०१५पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. त्यात सामू ७च्या आसपास निघाला तर ती माती उदासीन समजायची. बहुतेक पिकांना ती मानवते. चुनाही नको आणि जिप्समही नको.